शेवळांची जुडी आणि पर्यावरण दिन

पहिले दोन पाऊस पडून जमीन भिजली की आमच्या पेणच्या बाजारात शेवळं येतात. घाटावरच्या मैत्रिणींना ती ठाऊक नसतील म्हणून सांगते. सुरणाच्याच जातीतला हा रानकंद. त्याचा जांभळट कोंब जमिनीतून वर येतो, तो कोवळा असतानाच काढायचा. वरचं आवरण सोलायचं, आतला पिवळा भाग टाकून द्यायचा, बाकीचं बारीक चिरून तेलावर परतायचं आणि त्यात काकडांचा रस घालायचा. ही काकडं म्हणजे आपली काकडी नव्हे हं, ती एका रानझाडाची आंबट फळं. ती विसरलात तर घसा असा खवखवतो की घरातली माणसं वर्षभर त्या भाजीची आठवण काढतात! सोड्यांबरोबर करा, कोलंबीबरोबर करा, नाहीतर वालाच्या बिरड्यात घाला. वर्षातून दोनतीनदाच मिळणारी भाजी, म्हणून तिचं अप्रूप.

पण आज पाककृती सांगायला बसलेली नाही. शेवळांच्या जुडीबरोबर न मागता मूठभर काकडं देणारी जी कातकरीण आमच्या दारात येते, तिच्यामुळे मला जे दिसलं ते सांगायचं आहे. दिसलं, असंच म्हणते. कारण ते डोळ्यांसमोर होतंच, मी बघत नव्हते.

लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून ती येते. पायरीवर बसते, टोपली उतरवते. उन्हातून आलेली असते, पाणी मागते. सासूबाई तांब्या घेऊन बाहेर येतात आणि तिच्या ओंजळीत वरून पाणी सोडतात. मीही तसंच सोडत आले. पेला का नाही, असं ना तिनं कधी विचारलं, ना मला कधी सुचलं. मी बी. ए. झालेली, शाळेत अर्धवेळ शिकवणारी, सातवीला 'आपण सारे समान' हे फळ्यावर लिहिणारी बाई!

तीन वर्षांपूर्वी ती आली तेव्हा टोपलीत चारच जुड्या होत्या. मी म्हटलं, "एवढीच? यंदा पाऊस तर चांगला झाला."

"पावसाचं काय नाय वहिनी," ती म्हणाली, "डोंगराला तार मारलीय. कुत्रं बांधलंय. कुठनं आणू?"

मी पैसे दिले, तेही पाचदहा रुपये कमी करून, आणि आत गेले.

त्याच महिन्यात शाळेत पर्यावरण दिन झाला. खरं तर तो ५ जूनला. पण तेव्हा शाळेला सुट्टी असते, म्हणून आमच्याकडे शाळा उघडल्यावर पंधरवड्याने उरकला जातो. सकाळी झाडं लावायला खड्डे खणायचे होते. ते काम कातकरवाडीतून येणाऱ्या सातआठ मुलांना दिलं गेलं. "त्यांना सवय असते," असं कुणीतरी म्हणालं, आणि ते कुणाला खटकलं नाही. अकरा वाजता पाहुणे आले. गावातले प्रतिष्ठित गृहस्थ, चांगलं बोलतात. ओझोनपासून प्लॅस्टिकपर्यंत सगळं झाल्यावर त्यांनी समोरच्या डोंगराकडे हात केला आणि विचारलं, "हे डोंगर बोडके कुणी केले?" मग स्वतःच उत्तर दिलं, "या कातकऱ्यांनी. काथासाठी, कोळशासाठी, सरपणासाठी." मातीने भरलेल्या हातांची ती मुलं शेवटच्या रांगेत बसली होती. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. सवयीने हात उठतात हो!

दुसऱ्या दिवशी तासाला वाडीतली एक मुलगी उभी राहिली. एरवी तोंडातून शब्द न काढणारी. म्हणाली, "बाई, काल सांगितलं आमी झाडं तोडली. मग तारेच्या आतली कुणी तोडली?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. "खाली बस," म्हटलं.

ते 'खाली बस' मला काही केल्या पचेना. म्हणून सुट्टीत थोडं वाचलं, थोडं जुन्याजाणत्यांना विचारलं. कातकरी हे नावच मुळी काथावरून पडलेलं. खैराचं लाकूड उकळून काथ करणारे ते कातकरी, काथोडी. आपल्या आजेसासूबाईंच्या पानाच्या डब्यातला काथ यांच्या हातचा असायचा. हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालला आणि रानही टिकलं. मग इंग्रजांनी जंगलं सरकारजमा केली. १८७८ चा जंगल कायदा आला, तोच पुढे १९२७ साली नव्याने झाला. रानात राहणारा माणूस रानातला चोर ठरला. काथ गेला तसे कातकरी कोळशाच्या भट्ट्यांवर गेले. पण कोळसा कुणाच्या चुलीसाठी, कुणाच्या पैशाने? ठेकेदार उचल द्यायचा, बायकामुलांसह कुटुंब रानात नेऊन बसवायचा आणि कोळसा शहराकडे जायचा. कुऱ्हाड कातकऱ्याच्या हातात होती हे खरं. धंद्याचा हिशेब मात्र दुसऱ्याच्या वहीत होता. पाहुण्यांनी सांगितलं ते निखालस खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं, आणि अर्धं खरं फार अन्याय करतं.

आता गंमत पहा. माझं आजोळ चिरनेरच्या बाजूचं, उरण तालुक्यातलं. लहानपणी आजोबांचं बोट धरून तिथल्या हुतात्मा स्मारकाला कितीदा गेले आहे. २५ सप्टेंबर १९३० ला त्या भागातले आगरी, कोळी, कातकरी शेकड्यांनी अक्कादेवीच्या डोंगरावर जमले. मिठाचा सत्याग्रह त्याच वर्षीचा. ज्यांना मीठ उचलायचं होतं त्यांनी मीठ उचललं, या लोकांनी रानातलं लाकूड तोडून कायदा मोडला. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. आठ सत्याग्रही मेले, त्या गोंधळात मामलेदारांसह काही सरकारी माणसांचेही जीव गेले. पुढे पकडलेल्या लोकांवर खटला चालला, तेव्हा त्यांच्या बाजूने उभे राहिलेल्या वकिलांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. हे सगळं मला पाठ होतं. पण त्या आठ नावांत एक नाव आहे नवश्या महादेव कातकरी. हे नाव मी वाचलं असणारच, पण मनात कधी उतरलं नव्हतं. त्याच्याच शेजारी रामा बामा कोळी आहेत, रघुनाथ मोरेश्वर न्हावी आहेत. आडनावं वाचली तरी कळतं की रान सगळ्यांचंच होतं आणि गोळीने जात विचारली नाही. जात विचारली ती नंतर आपण.

दिवाळीच्या आधी मी त्या मुलीच्या वर्गात ही गोष्ट सांगितली. नवश्या कातकरी म्हटल्यावर मागच्या रांगेतली एक दोन डोकी वर झाली. तिनं ते नाव वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, "बाई, हे पुस्तकात आहे का?" नव्हतं.

याच सुमारास माझी मावसबहीण अमेरिकेहून आली. ती न्यू जर्सीला असते. तिची मुलगी तिथे कॉलेजात वर्णभेद आणि पर्यावरण असा काही विषय शिकते. मला वाटलं, हे काय भलतंच? झाडांना कसला आलाय वर्ण? तिनं सांगितलं ते मोठं ऐकण्यासारखं होतं. नॉर्थ कॅरोलिना राज्यात १९७८ साली काही लोकांनी विषारी तेल रात्रीच्या वेळी शेकडो किलोमीटर रस्त्यांच्या कडेला ओतून दिलं. ती विषारी माती खरवडून कुठेतरी पुरायची तर होती. सरकारने जागा निवडली ती वॉरन काउंटीत. तिथली वस्ती बहुतेक काळ्या लोकांची, आणि गरीब. शिवाय तिथे भूगर्भातलं पाणी वरच होतं आणि लोक विहिरीचं पाणी पीत. १९८२ च्या सप्टेंबरात मातीचे ट्रक येऊ लागले तेव्हा बायका, मुलं, म्हातारी माणसं रस्त्यावर आडवी झाली. सहा आठवड्यांत पाचशेवर लोकांना अटक झाली. त्यात डॉली बरवेल नावाची एक आई होती. तिची शाळकरी मुलगीही पकडली गेली. ट्रक थांबले नाहीत, माती तिथेच पुरली गेली. ती निर्विष करायला पुढे वीस वर्षांवर काळ गेला. पण त्या आंदोलनातून एक प्रश्न उभा राहिला, की घाण टाकायला जागा शोधताना नेमकी काळ्यांचीच वस्ती कशी सापडते? १९८७ साली तिथल्या एका चर्चसंस्थेने देशभर पाहणी केली. पाचातले तीन काळे आणि स्पॅनिश बोलणारे लोक धोकादायक कचऱ्याच्या जागा असलेल्या वस्त्यांत राहतात, असं निघालं. कचऱ्याची जागा कुठे, हे ओळखायला वस्तीची गरिबी जेवढी उपयोगी पडत होती त्याहून तिचा वर्ण अधिक उपयोगी पडत होता.

"तुमच्याकडे बरं, असलं काही नाही," मावसबहीण म्हणाली.

मी पटकन "नाही" म्हणणार होते. रंगाचं म्हणाल तर आपल्याच किनाऱ्यावर, मुरूड-जंजिऱ्याला, आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींचं राज्य थेट १९४८ पर्यंत होतं. काळा रंग म्हणून कुणी त्यांना मुजरा करायचं थांबवलं नाही. पण मग तांब्या आठवला. वरून सोडलेलं पाणी आठवलं. आपल्याकडे रंग बघायची गरजच पडत नाही हो, आडनाव पुरतं.

आणि पाण्याचं म्हणाल, तर याच आपल्या जिल्ह्यात महाडला चवदार तळं आहे. नगरपालिकेने ते १९२४ सालीच सगळ्यांना खुलं केल्याचा ठराव केला होता. पण ठराव कागदावर आणि तळ्यावर पहारा. गाईम्हशी पीत, माणसं पिऊ शकत नव्हती. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले, ओंजळभर पाणी प्याले. नंतर गावाने तळं 'शुद्ध' करून घेतलं, पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून. न्यायालयात निकाल लागायला १९३७ साल उजाडलं. हे सगळं आपण जातिभेदाच्या धड्यात शिकवतो. पण पाणी, रान, खाडी यांच्यावर कुणाचा हात पोचावा आणि कुणाचा पोचू नये, याचीच ती लढाई होती ना? मग ती पर्यावरणाच्या धड्यात का नाही? आमच्या पर्यावरणाच्या धड्यात नळ नीट बंद करा असं आहे. ज्या वाडीत नळच नाही, तिथल्या मुलानं तो धडा कसा वाचावा?

खाडीची गोष्ट तर आणखी जवळची. आपल्याकडे जी कोळीण मासळी घेऊन येते तिला सहज विचारून बघा. आमच्याकडे येणारी म्हणते, पूर्वी ओहोटीला घराच्या पाठी उतरलं की कालवणापुरत्या निवट्या, चिंबोऱ्या, कालवं मिळायची. पैसा लागत नव्हता. आता भराव पडला, तिवरं गेली, पाण्यावर तेलाचा तवंग येतो. नवऱ्याच्या होडीला नंबर आहे, परवाना आहे, काही बुडालं तर निदान अर्ज करता येतो. पण चिखलात हाताने वेचणाऱ्या बाईचा परवाना कुठला? तिचं नुकसान कुणाच्या वहीत मांडायचं? न्हावा-शेव्याचं बंदर झालं, १९८९ मध्ये सुरू झालं. त्यासाठी शेव्याचा कोळीवाडा उठवला आणि उरणला हनुमान कोळीवाडा म्हणून वसवला. त्या घरांना वाळवी लागली. वर्षानुवर्षं ती माणसं वाळवीने पोखरलेल्या भिंतींत राहून दुसऱ्या जागेसाठी मागणी करत राहिली. बंदर नको, असं मी म्हणत नाही. माझ्या स्वयंपाकघरातल्या किती वस्तू त्या बंदरातून आल्या असतील, कोण जाणे. पण बंदराचा फायदा सगळ्या देशाला आणि वाळवी तेवढी कोळ्यांना, ही वाटणी कुणी केली?

तरी ती माणसं गप्प बसली नाहीत. पारंपरिक मच्छीमारांनी पुण्याच्या हरित न्यायाधिकरणात दावा लावला. अर्ज रामदास जनार्दन कोळी आणि इतरांचा. समोर बंदर, सिडको, ओएनजीसी अशी बडी धेंडं. २७ फेब्रुवारी २०१५ ला निकाल लागला, की भरावामुळे आणि तिवरं नष्ट झाल्यामुळे यांची रोजी बुडाली आहे, १६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई द्या. पैशापेक्षा मला त्यातली एक गोष्ट मोठी वाटते. खाडी खराब होणं आणि कोळ्याचं पोट मारलं जाणं हा एकच गुन्हा आहे, असं कायद्याच्या भाषेत लिहिलं गेलं.

कायदा म्हटला की आणखी एक सांगते. २००६ साली वनहक्काचा कायदा झाला. त्याच्या सुरुवातीलाच म्हटलं आहे, की रानात राहणाऱ्यांवर इतिहासात अन्याय झाला, तो दूर करायचा. म्हणजे आमच्या पाहुण्यांना जे माहीत नव्हतं ते सरकारला माहीत आहे! आपल्या जिल्ह्यात उल्का महाजन आणि त्यांचं सर्वहारा जन आंदोलन आदिवासींच्या जमिनीसाठी कितीतरी वर्षं झगडत आहे. आमच्या पेण भागात महामुंबई सेझला विरोध झाला तेव्हाही ती मंडळी होती. २१ सप्टेंबर २००८ ला २२ गावांत शेतकऱ्यांचं मत घेतलं गेलं. त्या दिवशी आमच्याकडे भांडी घासायला येणारी बाईही मत द्यायला म्हणून सुट्टी घेऊन गेली होती. मी मात्र "आजच का सुट्टी?" म्हणून कुरकुरले होते.

आणि ती तार? तिचं काय झालं? काही झालं नाही. डोंगर अजून तारेच्या आत आहे. तिथे कुणाचं तरी शेतघर आहे, शनिवार-रविवार दिवे दिसतात. मालकाने म्हणे हजार झाडं लावली आहेत, परदेशी जातीची, फुलं सुरेख येतात. त्यालाही लोक पर्यावरणप्रेमीच म्हणतात. किनाऱ्यावर तर याहून मोठं मोठं झालं. अलिबागजवळ किहीमला नीरव मोदीचा बंगला समुद्रकाठचे नियम मोडून उभा होता. न्यायालयात दाद मागावी लागली, तेव्हा कुठे मार्च २०१९ मध्ये तो सुरुंग लावून पाडला. बातमी वाचून आमच्याकडे सगळे खूश झाले. मला मात्र वाटलं, कातकऱ्याची झोपडी हटवायला सुरुंगही लागत नाही आणि बातमीही होत नाही. पिढ्यान्‌पिढ्या जिथे राहतात ती वाडीची जमीनच अनेक ठिकाणी दुसऱ्याच्या नावावर असते. मालकाने ऊठ म्हटलं की उठायचं.

पुढच्या वर्षी मी मुख्याध्यापकांना म्हटलं, यंदा खड्डे पाहुण्यांना आणि आम्हा शिक्षकांना खणू द्या, आणि वाडीतली मुलं आपल्याला रान दाखवतील. ते हसले. "बाई, हे अभ्यासक्रमात नाही." पण नकोही म्हणाले नाहीत. आम्ही शाळेमागच्या टेकडीवर गेलो. ती मुलगी पुढे, माझ्यासकट बाकीचा वर्ग मागे. टाकळा, कुरडू, भारंगी, कंटोली, लोत. मला चार नावं येत होती, तिला किती येत होती ते मी मोजायचं सोडून दिलं. सावकारांची, डॉक्टरांची मुलं तिला विचारून विचारून लिहून घेत होती. शेवळाच्या जागेवर आल्यावर एकाने कंदासकट उपटायला हात घातला, तर ती ओरडलीच. "कंद नाय काढायचा! कोंब घ्यायचा. सगळे कोंब पण नाय घ्यायचे." मी ते फळ्यावर जसंच्या तसं लिहिलं.

खोटं कशाला सांगू, यामुळे काही जग बदललं नाही. एका पालकांनी चौकशी केली, की मुलांना त्या वाडीच्या मुलांबरोबर कुठे कुठे फिरवता? आणि दिवाळीनंतर ती मुलगी शाळेत दिसेनाशी झाली. आईवडिलांनी वीटभट्टीची उचल घेतली होती. घराला कुलूप आणि सगळं बिऱ्हाड भट्टीवर, ते पावसाच्या तोंडावर परत येणार. दर वर्षी आमच्या पटावरची काही नावं अशी सहासात महिने नुसती नावंच असतात. रान बंद झालं, खाडी बंद झाली, की भट्टी उरते. तिची वही माझ्या कपाटात आहे. तपासायला घेतली होती, द्यायची राहिली. पहिल्या पानावर नवश्या महादेव कातकरी, शेवटच्या लिहिलेल्या पानावर शेवळाचं चित्र, कंद जमिनीखाली वेगळ्या रंगाने दाखवलेला.

यंदा शेवळंवाली आली ती उशिराच. पाच जुड्या होत्या, बऱ्याच लांबून, दुसऱ्या डोंगरावरून आणल्या होत्या. मी आतून पेला आणि तांब्या आणून तिच्यापुढे ठेवला. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे. सासूबाई काही बोलल्या नाहीत. तिनं पेला उचलला, पण ओठांना न लावता वरूनच पाणी प्याली. मी जुडीचा भाव केला नाही. ती गेल्यावर सासूबाईंनी तो पेला चिंचेने दोनदा घासला आणि ओट्यावर निराळा पालथा घातला. संध्याकाळी मी त्यातूनच चहा घेतला. त्यांनी पाहिलं, आणि शेवळं चिरायला घेतली.